धूर आपलाच निघू दे

माझ्या गच्चीवर वर्षभर एक पेटी होती, तिची गोष्ट सांगते. लहान मुलाच्या पाळण्याएवढी, चार पायांवर उभी, वर पत्र्याचं छप्पर आणि आत पंप. बटण दाबलं की घरघर करून हवा ओढायची. ती हवा एका गोल पांढऱ्या चकतीतून जायची आणि हवेतली बारीक धूळ त्या चकतीवर बसायची. चकती घालताना तांदळाच्या पापडासारखी, काढताना तव्याच्या बुडासारखी. पहिली चकती निघाली तेव्हा मी हातात घ्यायला गेले, तर पेटीवाली मुलगी ओरडली, "आजी, हात नाही लावायचा!" हात मी मागे घेतला, पण नजर कशी मागे घेणार? आम्ही जन्मभर सांगत आलो की मुंबईची हवा वाईट आणि गावची चांगली. आणि गावची ही अशी.

ती मुलगी पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करायची. रोह्यात खोली घेऊन राहिली होती, स्कूटीवरून यायची. आमचं गाव खांब आणि रोह्याच्या मधलं, आता तिथे स्लॅबची घरं पुष्कळ झालीत. पण तिला असं घर हवं होतं की ज्याचा जिना बाहेरून आहे आणि ज्याच्या मालकिणीला दुपारची झोप येत नाही. ती मीच. तिनं आधीच सांगून ठेवलं, "आजी, आवाज होईल हं पेटीचा." मी म्हटलं, "होऊ दे गो. घरात दुसरं बोलणारं नाय. ती तरी घरघरेल."

काढलेल्या चकत्या चांदीसारख्या कागदात गुंडाळून गार ठेवायच्या असत. ती त्या माझ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची आणि नंतर एकदम पुण्याला न्यायची. त्या कप्प्यात माझी कोलंबी असे. ती म्हणाली, शेजारी कोलंबी चालणार नाही. मग कोलंबी जावेच्या फ्रीजमध्ये गेली आणि परत आली तेव्हा अर्धीच आली.

ही माझी धाकटी जाऊ. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच अंगण. आम्ही दोघी पेणकडच्या. मी गडबच्या शेतकऱ्यांतली, ती खाडीच्या बाजूची, मिठागरवाल्यांची लेक. लग्न होऊन आली तेव्हा आमचा धूर बघून तिनं नाक मुरडलं होतं. "आमच्याकडं धूर थांबतच नाय गो ताई, वारा घेऊन जातो. तुमचा हा डोंगरात अडकून बसतो." तेव्हा मला राग आला होता. नव्या नवरीनं सासरच्या धुराला नाव ठेवावं म्हणजे काय!

पण गेली काही वर्षं तिची छाती खरंच धरायला लागली. थंडी सुरू झाली की खोकला, आणि होळीनंतर तर दम इतका लागायचा की अंगण झाडताना दोनदा बसायची. डॉक्टरांनी नळीनं ओढायचं औषध दिलं आणि सांगितलं, धुरापासून लांब राहा. आता गावात राहून धुरापासून लांब म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहायचं. तिचा मुलगा, माझा पुतण्या, पनवेलला राहतो. फ्लॅट आहे, सून नोकरीला जाते. तो दर वेळी एकच म्हणायचा.

"आई, हा कंपन्यांचा धूर हाय. धाटावला एवढ्या चिमण्या हायत. त्या काय तू बंद करणार, का काकी बंद करणार? तू पनवेलला चल."

"आणि ह्यांच्या जेवणाचं?"

"काकी घालील."

"काकी घालील दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून बोलून बोलून मारील त्यांना."

हसण्यावारी जायचं, पण मला ठाऊक होतं, तिला जायचं नव्हतं. फ्लॅटमध्ये आठ दिवस राहून आली की म्हणायची, तिथं दार उघडून बाहेर आलं की समोर दुसरं बंद दार. दीर तर जाणारच नव्हते. त्यांची भातशेती, त्यांचा वाल, त्यांचे बैल गेले तरी त्यांच्या गोठ्यातली एक म्हैस. म्हणजे म्हातारपणी नवरा इकडे आणि बायको तिकडे, असं होणार होतं. भांडून वेगळे होणारे वेगळे. ही दोघं रोज भांडायची, पण एका ताटात पापड मोडून खायची.

तर पेटी आली ती अशा दिवसांत. धूर कुठून येतो हेच शोधायला ती मुलगी आलीय म्हटल्यावर अख्खं गाव खूश. आमच्याकडे हवेत काहीही झालं की बोट धाटावकडे जातं. तिथे आमच्यातलेच कितीतरी शिफ्टला जातात, संध्याकाळी बसमधून उतरतात, आणि अंगणात बसून कंपनीलाच नाव ठेवतात. सगळ्यांना वाटलं, आता पुण्याचा शिक्का लागेल.

मला मात्र ती करते काय ते नीट समजून घ्यायचं होतं. शाळा माझी चौथीत सुटली, पण वाचायचं सुटलं नाही आणि विचारायची लाज कधी वाटली नाही. तिनं दोनतीनदा सांगितलं. मग मी तेच तिला माझ्या भाषेत सांगून दाखवलं आणि ती म्हणाली, "बरोबर आहे आजी." ते असं.

जे जे म्हणून जळतं त्यात कार्बन असतो. लाकूड घ्या, पेंढा घ्या, शेणी घ्या, नाहीतर डिझेल. धुरात तोच बारीक कणांनी उडतो. आता कार्बनमध्ये एक जात असते, चौदा नंबरची. ती वर आकाशात सारखी तयार होत असते, अगदी चिमूटभर. झाड हवा घेतं तेव्हा ती झाडात जाते, पाला खाल्ला की गुरात जाते, भात खाल्ला की आपल्यात. जीव आहे तोवर भर पडत राहते. जीव गेला की भर बंद, आणि आत असलेली हळूहळू विरत जाते. हळूहळू म्हणजे हजारो वर्षं. डिझेल, दगडी कोळसा आणि खनिज तेलापासून जे जे काढतात ते सगळं कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून होतं, त्यात चौदा नंबर औषधालाही उरलेला नाही. म्हणून चकतीवरचा कार्बन घ्यायचा आणि त्यात चौदा नंबर किती ते मोजायचं. भरपूर निघाला तर धूर लाकूडपेंढ्याचा. निघालाच नाही तर डिझेलचा, खनिज तेलाचा. मधेच कुठे निघाला तर मिसळ. डेअरीवर दुधात पाणी किती ते बघतात ना, तसलाच प्रकार. धूर बघून धूर कुणाचा हे कुणालाच कळत नाही. पण हा चौदा नंबरवाला खोटं बोलत नाही.

दीर अंगणात सुंभ वळत ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे जुना निघाला तर कंपनीचा आणि नवा निघाला तर आमचा?"

"कंपनीचाच असं नाही आजोबा. हायवेवरच्या ट्रकचाही असेल. पण जुना म्हणजे जमिनीखालचा, हे नक्की."

"मग माझ्या माळ्यावर लाकडं हायत. माझ्या बापानं तोडून ठेवलेली. ती चुलीत घातली तर कंपनीच्या बाजूला जातील का?"

ती हसायला लागली. "आजोबा, पणजोबांनी तोडलेली असली तरी या मोजणीत ती कालचीच."

"असली कसली गो तुझी मोजणी? माझं वय पण कालचंच धरशील."

"धरीन की!"

जाऊ घरातून बोलली, "धर बाय, धर. मना पण जरा तरणा नवरा मिळंल."

त्याच दिवशी दुपारी पुतण्याचा फोन आला आणि पुन्हा तेच. कंपनी काय तू बंद करणार? जावेनं फोन ठेवला. मी समोर तांदूळ निवडत होते, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. अगो, तो पोरगा बरोबरच बोलतोय की. धूर धाटावचा निघाला, हायवेचा निघाला, तर आपण दोन म्हाताऱ्या काय करणार? बॅग भरायची आणि जायचं. पण धूर आपला निघाला तर? आपला असेल तर आपल्या हातात आहे.

मी जावेला म्हटलं, "ऐक गो. धूर आपलाच निघू दे म्हण."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, डोकं फिरलं काय तुझं?"

"नाय फिरलं. कंपनीचा निघाला तर तू पनवेलला. आपला निघाला तर तू हितं."

तिनं क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "ह्यांच्यासमोर बोलू नको." आणि त्या दिवसापासून अख्ख्या गावात आम्ही दोघीच अशा होतो की स्वतःच्याच गावाचा गुन्हा सिद्ध व्हावा म्हणून वाट बघत होतो.

मुलगी चकती बदलायला यायची तेव्हा दर वेळी न चुकता एक प्रश्न विचारायची. "आजी, मागच्या वेळेपासून आसपास कुणी काही जाळलं?" मी आठवून सांगायची, "नाय गो." जावेला विचारायची, जाऊ म्हणायची, नाय. दिरांना विचारलं तर ते म्हणायचे, "आम्ही कशाला जाळू?" ती मान डोलवायची आणि लिहून घ्यायची.

पौषात वालाच्या शेंगा भरल्या तशी अंगणात पोपटी लागली. बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, हवी तर अंडी भरतात, मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या, शेणी रचून पेटवतात. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र झालं की पोपटी झाली. त्या महिन्यात आमच्या आळीत आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, असं चालूच असतं. पेटी वर गच्चीवर घरघरतेय आणि खाली अंगणात पोपटी, असं कितीदा झालं. दुसऱ्या दिवशी मी मुलीला डबा भरून शेंगा दिल्या. ती जिन्यात बसून शेंगा सोलत म्हणाली, "कसल्या भारी लागतात! आजी, काही जाळलं का काल?" मी म्हटलं, "नाय." ती बिचारी समजली असणार, शेंगा उकडल्यात.

मग होळी झाली आणि राबांचे दिवस आले. भाताची रोपं जिथे तयार करायची त्या जमिनीच्या तुकड्यावर शेण, टहाळ्या, पाला, पेंढा पसरून वर बारीक माती टाकतात आणि वाऱ्याच्या उलट्या तोंडानं पेटवतात, म्हणजे भडकत नाही, धुमसत राहतं. जमीन तापते, तणाचं बी मरतं, राख खत होते. आमच्या खाचरांमध्ये सगळीकडे एकाच सुमारास धूर उठतो, आणि डोंगर अडवून धरतो तो गावातच राहतो. त्या वर्षी जाऊ एका सकाळी न्हाणीच्या दारात बसली ती उठेना. ओठ निळसर झाले होते. रिक्षा बोलावून रोह्याला नेली, नाकाला मास्क लावला. दोन दिवस मी उशाशी बसून होते. पुतण्या आला आणि आईजवळ बोलायच्या आधी माझ्याशी बोलला.

"काकी, पुढच्या होळीनंतर ती इथं नसंल. मी न्यायला येणार. तू मध्ये पडू नको."

मी म्हटलं, "बघू."

"बघू नाय काकी. झालं बघून."

पेटी पावसाळाभर राहिली आणि दिवाळीच्या पुढेमागे गेली. मुलगी चकत्या घेऊन गेली ती सांगून, की प्रयोगशाळेत रांग असते, वेळ लागेल. गच्ची शांत झाली. मला करमेना, त्या पेटीचीही सवय झाली होती. थंडीत जाऊ खोकायची आणि मला विचारायची, "आला काय गो तिचा फोन?" जणू मुलीचं लग्न ठरायचं होतं.

होळी आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा ती स्वतःच आली. स्कूटी लावली, पाणी प्यायली आणि डोक्याला हात लावून बसली. दीर होतेच. शेजारचे एकदोघे उगीच डोकावले ते थांबले.

"आजी, मला काही कळत नाहीये," ती म्हणाली. "थंडीतल्या आणि होळीनंतरच्या चकत्या बघितल्या. बहुतेक सगळा कार्बन नवा आहे. झाडांच्या अंगचाही थोडा असतो त्यात, पण लाकूडपेंढा धुमसला की एक खूण राहते, तीही सापडलीय. पावसाळ्यात धूळच कमी होती, तेव्हा जुन्याचा वाटा जास्त, तो बहुधा गाड्यांचा. पण थंडीत आणि होळीनंतर तर नवाच. आणि मी दर वेळी विचारलं, तुम्ही सगळे म्हणालात कुणीच काही जाळलं नाही. मग आला कुठून हा धूर?"

दीर लगेच म्हणाले, "कंपनीचा!"

"नाही आजोबा. कंपन्यांचा वास वेगळा, तो वायू, तो माझ्या चकतीत येत नाही, त्याचं मी काही सांगत नाही. पण चकतीवरचा हा धूर जमिनीखालच्या कशाचाच नाही."

ओसरीवर जाऊ मोड आलेल्या वालाचं बिरडं सोलत बसली होती. ती हळूच म्हणाली, "पोरी, तू आमाला काय इचारलंस?"

"काही जाळलं का, असं."

जाऊ हसायला लागली. "अगो, जाळतात कचरा. नायतर जाळतात मढं. आमी रोज उठून मढी जाळतो काय?"

"मग?"

"चूल पेटवतात. पोपटी लावतात. राब भाजतात. गोठ्यात धुरी करतात. न्हाणीत पाणी तापवतात. जाळतंय कोण? कुणी नाय जाळत."

मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग तिनं कपाळावर हात मारला. "म्हणजे मी ज्या शेंगा खाल्ल्या..." आणि पुढे बोलता येईना, इतकी ती हसत होती. आम्हीही. खरं सांगते, कुणी खोटं बोललंच नव्हतं. नको असलेलं संपवायचं तर ते जाळणं. कामाच्या आगीला आम्ही तो शब्द लावतच नाही, तोंडात येत नाही. पुण्याची मुलगी मराठी बोलत होती आणि आम्हीही मराठी बोलत होतो, आणि वर्षभर आमच्या नाकासमोरचा धूर दोघांच्याही बोलण्यात कुठे नव्हता.

हसणं ओसरलं तशी जाऊ माझ्याकडे वळली. डोळे नुसते चमकत होते. "ताई! आपलाच निघाला गो!"

दिरांना ते लागलं. "आपलाच निघाला म्हणून नाचतंस काय? लोकं काय म्हणतील?"

लोकांनी म्हटलंच. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की पुण्यावरून आले आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून गेले, कंपन्या सुटल्या. मला दोघातिघांनी वाटेत अडवलं. मी सांगितलं, कंपन्या सुटल्या नाहीत, त्यांच्या वायूचं वेगळं बघायला लावा, मी तुमच्या पुढे उभी राहते. पण आपला धूर आपल्या छातीत जातोय तो आधी बघा. मला यात संकोच वाटला नाही आणि आजही वाटत नाही. जे मोजून निघालं ते निघालं.

खरी अडचण घरातच होती. दिरांनी राबाची तयारी करून ठेवलेली. टहाळ्या पसरून झाल्या होत्या, माती टाकायची तेवढी बाकी. मी सकाळी चहा घेऊन तिकडे गेले.

"भावजी, औंदा भाजू नका."

"वयनी, माझ्या बापानं भाजला, त्याच्या बापानं भाजला."

"त्यांच्या बायका खोकत नव्हत्या, असं तुमाला कुणी सांगितलं? विचारलं कुणी त्यांना?"

त्यांनी पायानं एक टहाळी सरळ केली. मग म्हणाले, "तण होईल. भाताच्या रोपात नुसतं गवत उठंल."

"आम्ही दोघी बेणू, उपटू सगळं."

"तिच्यानं होतं का बेणणं? वाकली की दम लागतो."

"दम धुरानं लागतो. वाकण्यानं नाय."

त्यांनी चहा प्यायला आणि कप माझ्या हातात दिला. दुपारी मी गच्चीवरून बघितलं तर ते टहाळ्या ओढून शेणखड्ड्याकडे नेत होते. एकटेच, उन्हात, कुणाला हाक न मारता. जाऊ माझ्या शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "टोपी विसरलेत," आणि खाली जाऊन टोपी देऊन आली. चूल तिनं आदल्या दिवशीच बंद केली होती. गॅस होताच, पण भाकरी चुलीवरचीच लागायची ना सगळ्यांना. मीही बंद केली. भाकरी तितकी चांगली होत नाही, हे मी मान्य करते.

पण आमचा एकच तुकडा. त्याला लागून पलीकडे एका शेजाऱ्याची दोन खाचरं. त्याचं आणि दिरांचं बांधावरून वाजलेलं, आम्हाला आठवतं तेव्हापासून बोलणं नाही. वारा बहुतेक त्याच्याकडून आमच्याकडे येतो. त्यानं राब भाजला तर आम्ही न भाजून काय उपयोग?

होळी झाली आणि सांगितल्याप्रमाणे पुतण्या गाडी घेऊन आला. जावेनं बॅग भरलेली होती, आईनं मुलाला नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं हे तिला सुचत नव्हतं. मी सगळं सांगितलं. चौदा नंबर सांगितला, चूल सांगितली, आमचा राब सांगितला.

तो म्हणाला, "काकी, तुमचं ठीक हाय. पण बाकीचं गाव? तो बाजूवाला? तो थांबणार हाय का?"

त्यानं बॅग डिकीत ठेवली. जाऊ चपला घालून ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "हे कुठं गेले?"

बघतो तर दीर बांधावरून पलीकडच्या खाचराकडे चालले होते. त्या शेजाऱ्याचा राब रचून झाला होता, तो कडेला उभा होता. आम्ही तिघं अंगणाच्या टोकाला गेलो. अंतर फार नव्हतं, पण वारा इकडून तिकडे होता त्या वेळी, शब्द येत नव्हते. दीर बोलत होते. तो मान हलवत होता, नाही म्हणून. दीर पुन्हा बोलले. मग त्यानं काहीतरी म्हटलं आणि इतका मोठ्यानं हसला की ते हसणं आम्हाला ऐकू आलं. दीर मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

परत आले ते कान लाल होऊन.

"काय म्हणाला?" पुतण्यानं विचारलं.

"नाय भाजत म्हणाला."

"असाच?"

"असाच कसा? म्हणाला, माझं तण तू बेणणार असशील तर."

आमच्याकडे पुरुष नांगर धरतो, चिखल करतो, भारे वाहतो. बेणायला बसतात त्या बायका. उकिडवं बसून, पुढे सरकत, गप्पा मारत. त्या रांगेत पुरुष बसलेला मी माझ्या जन्मात बघितला नव्हता.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" जावेनं विचारलं.

"म्हटलं येतो."

ती हसली. तोंडावर पदर धरला तरी हसू फुटतच होतं. "तुम्ही? बायांच्या रांगेत? डोकीवर पदर घेनार काय?" आणि हसता हसता तिला खोकला आला. पुतण्यानं खिशातून ती औषधाची नळी काढली. तिनं हात वर करून त्याला थांबवलं, खाली बसली, दोन श्वास घेतले, तिसरा घेतला. खोकला आला तसा गेला.

"बॅग काढ," ती मुलाला म्हणाली.

"आई..."

"बॅग काढ डिकीतून. तांदळाच्या पिठाचा डबा वर हाय, तो तेवढा सुनेला ने. पावसाला बेणणी बघायला यायचं असंल तर सगळी या."

पुतण्या माझ्याकडे बघत होता, मी मध्ये पडते का ते बघायला. मी पडले नाही. त्यानं डिकी उघडली.